२०१३ चा लॅपटॉप लिनक्स मिंटवर आणताना: कामाच्या नोंदी

यंत्र: २०१३ चा लॅपटॉप, इंटेल कोअर आय३-४०१०यू, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्डडिस्क, वर विंडोज १०. वापरणारे माझे वडील. त्यांचं गेल्या वीस वर्षांचं मराठी लेखन याच यंत्रात आहे, म्हणून काम घाईने उरकायचं नाही असं आधीच ठरवलं होतं. तरी चुका झाल्या. कुणाला हेच काम करायचं असेल तर त्या चुकाच जास्त उपयोगी पडतील, म्हणून त्या सविस्तर लिहिल्या आहेत.

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

विंडोज १० ची मोफत सुरक्षा अद्यतनं १४ ऑक्टोबरला थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. आपला चौथ्या पिढीचा. तपासणी चुकवून ११ बसवता येतं, पण अशा यंत्रांना पुढची अद्यतनं मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. वडिलांच्या यंत्रावर मला तसा टांगता कारभार नको होता. वाढीव सुरक्षा अद्यतनांची सोय आहे, पण ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. म्हणजे वर्षभराने पुन्हा हाच प्रश्न.

विंडोजच्या जागी लिनक्स मिंट २२.२ ही मोफत प्रणाली निवडली, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती. २२ च्या मालिकेला २०२९ पर्यंत आधार आहे आणि एक्सएफसीई जुन्या यंत्राला झेपतं. सुमारे ३ जीबीची आयएसओ फाइल (बसवायच्या प्रणालीची) उतरवली, ती पूर्ण आणि बिनचूक उतरली का हे सांगणारी शा२५६ बेरीज जुळवून पाहिली आणि रुफस या प्रोग्रॅमने फाइल पेनड्राइव्हवर लिहिली. बेरीज जुळवायला दोन मिनिटंही लागत नाहीत. अर्धवट उतरलेल्या फाइलवर वाया जाणारी संध्याकाळ त्यात वाचते.

पेनड्राइव्हवरून यंत्र चालू केलं, काहीही न बसवता. पडदा, आवाज, कॅमेरा, टचपॅड ठीक. वायफायच्या यादीत एकही नेटवर्क दिसेना. मी फोन यूएसबीला जोडून त्याचं नेट वापरलं आणि पुढे गेलो. तिथेच थांबून वायफायची चिप कुठली ते पाहायला हवं होतं. ते न केल्याने पुढे एक अख्खी संध्याकाळ गेली.

९ नोव्हेंबर, रविवार

हार्डडिस्कची तब्येत पाहिली. डिस्क तपासणाऱ्या स्मार्टसीटीएलच्या अहवालात दोन ओळी आधी वाचायच्या: किती सेक्टर (डिस्कचे छोटे कप्पे) बदलून दिले गेले आणि किती निकालाची वाट पाहताहेत. वाट पाहणारे १६ निघाले. आकडा लहान दिसतो, पण शून्य नाही याचा अर्थ डिस्कने कुरकुर सुरू केली आहे. यंत्र चालू होऊन वापरण्याजोगं व्हायला साडेतीन मिनिटं लागत होती, त्याचं कारण फक्त विंडोज नव्हतं.

दोन गोष्टी ठरवल्या. नवी प्रणाली नव्या एसएसडीवरच बसवायची. आणि जुनी डिस्क पुसायची नाही, काढून जशीच्या तशी बाजूला ठेवायची. यातला दुसरा निर्णय या सगळ्या कामात सर्वांत शहाणपणाचा ठरला.

आधी वडिलांचं डॉक्युमेंट्स फोल्डर आणि फोटो १ टीबीच्या बाहेरच्या डिस्कवर उतरवले. मग खराब डिस्कवरून माहिती वाचवणाऱ्या डीडीरेस्क्यूने पूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, घ्यायला लावली. त्याला नकाशाची फाइल (कुठवर वाचून झालं याची नोंद) द्यायला विसरू नका. ती असली की मध्येच वीज गेली तरी काम जिथे थांबलं तिथून पुढे चालतं. पहिल्या फेरीत अडणारे भाग सोडून द्यायला सांगितलं आणि दुसऱ्या फेरीत तेवढ्यांवर तीन-तीन प्रयत्न. पहिली फेरी सव्वादोन तासांत झाली, दुसरी रात्रभर चालली. शेवटी ८ केबी हाती लागले नाहीत, बाकी सगळं आलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सामान आलं: २४० जीबीची साटा एसएसडी, ८ जीबीची रॅमची पट्टी, बटण सेल, थर्मल पेस्ट, हार्डडिस्कसाठी यूएसबीची पेटी.

खालचं झाकण काढण्याआधी पुठ्ठ्यावर लॅपटॉपचा आराखडा काढला आणि प्रत्येक स्क्रू निघेल तसा पुठ्ठ्यात त्याच्या जागी टोचला. स्क्रू तीन लांबींचे होते. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर वरच्या बाजूला हात टेकतो तिथलं प्लास्टिक फुगतं किंवा फुटतं.

पंख्यावर धुळीची जाड गादी बसली होती. तिच्यामुळे हवा बाहेर जायला वाटच नव्हती. ब्रशने काढली, जुनं वाळलेलं पेस्ट स्पिरिटने पुसलं, नवं लावलं. भाराखाली ९४ अंशांवर जाणारा प्रोसेसर नंतर ७६ वर थांबू लागला.

मदरबोर्डवरचा बटण सेल संपला होता. आता बॅटरी सुटताच घड्याळ १ जानेवारी २०१३ वर गेलं. सेल सीआर२०३२, पण आमच्या यंत्रात तो दोन तारांच्या छोट्या प्लगला जोडलेला आहे. नुसता सेल उपयोगाचा नव्हता, तारांसकट मागवावा लागला. हे उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. चार दिवस थांबणं झालं.

त्याच दिवशी एसएसडी आणि रॅम दोन्ही बसवून झाकण लावलं. बटण दाबलं. पंखा फिरला, कॅप्सलॉकचा दिवा लुकलुकू लागला, पडदा काळा.

१६ आणि १७ नोव्हेंबर

हे दोन दिवस पूर्ण चुकीच्या दिशेने गेले. पडद्याची केबल सैल झाली असेल म्हणून ती पाहिली. पेस्ट कुठे सांडलं का ते पाहिलं. एसएसडी काढून पाहिली. टचपॅडची चपटी पट्टी काढताना तिला धरणारी कडी वर न उचलताच ओढली आणि परत बसवली ती तिरकी, त्यामुळे टचपॅडही गेला. तो नंतर नीट बसवल्यावर चालू झाला. पट्टी फाटली नाही हे नशीब.

सतराच्या रात्री जुनी रॅम परत लावली आणि यंत्र पटकन चालू झालं. मग दोन्ही पट्ट्या दिव्याखाली शेजारी धरल्या. जुनीच्या लेबलवर ‘पीसी३एल-१२८००एस’. नवीच्या लेबलवर ‘पीसी३-१२८००एस’. तीनच्या पुढे एक ‘एल’, तेवढाच फरक. ‘एल’ असलेली पट्टी १.३५ व्होल्टवर चालते, नसलेलीला १.५ व्होल्ट लागतात आणि या पिढीच्या लॅपटॉप प्रोसेसरांना १.३५ वालीच चालते. पिना दोन्हींना २०४, खाचही एकाच जागी, त्यामुळे चुकीची पट्टी व्यवस्थित ‘टक्’ आवाज करून बसते. बसली म्हणजे बरोबर, हे मी धरून चाललो.

दुसरी चूक जास्त महागात पडली: दोन वस्तू एकाच वेळी बदलल्या. एसएसडी बदलून यंत्र चालू करून पाहिलं असतं आणि मग रॅम बदलली असती, तर दोष पाच मिनिटांत सापडला असता. चुकीच्या पट्टीचं पाकीट फोडलेलं होतं, ती परत करता आली नाही. या कामातला थेट वाया गेलेला पैसा तेवढाच.

२२ नोव्हेंबर, शनिवार

‘एल’वाली पट्टी आणि तारांचा सेल, दोन्ही बसले. रात्री रॅम तपासणारा मेमटेस्ट लावून ठेवला. एक फेरी पावणेदोन तासांची, चार फेऱ्यांत एकही त्रुटी नाही. मग मिंट बसवलं. डिस्क पूर्ण वापरायला दिली, मल्टिमीडिया कोडेकच्या चौकटीवर खूण केली. सतरा मिनिटांत झालं, त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत २६ सेकंद. वडील शेजारी बसले होते. त्यांनी पुन्हा एकदा बंद करून चालू करायला सांगितलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

वायफायचा दिवस. या यंत्रातल्या चिपला कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर लागतो आणि तो मिंटमध्ये आधीपासून बसवलेला नसतो. फोन यूएसबीला जोडला, ड्रायव्हर मॅनेजर उघडला, सुचवलेला ड्रायव्हर निवडला. मध्येच सिक्युअर बूटसाठी पासवर्ड ठरवायला सांगितला, तो दोनदा टाकला. यंत्र पुन्हा सुरू करायला सांगितलं आणि मी चहा आणायला उठलो.

परत आलो तेव्हा डेस्कटॉप समोर होता आणि वायफाय नव्हतं. ड्रायव्हर काढला, पुन्हा बसवला, तेच. टर्मिनलमध्ये ड्रायव्हर हाताने चढवायचा प्रयत्न केल्यावर संदेश आला की किल्ली नाकारली गेली. तेव्हा कुठे लक्षात आलं की अडचण ड्रायव्हरची नाही, सहीची आहे.

होतं असं. सिक्युअर बूट चालू असताना कर्नल (लिनक्सचा गाभा) फक्त ओळखीची सही असलेले ड्रायव्हर आत घेतं. हा ड्रायव्हर आपल्याच यंत्रावर तयार होतो, म्हणून त्यावर यंत्राची स्वतःची सही पडते. ती सही विश्वासाची आहे असं तुम्हाला एकदा, स्वतः समोर बसून, सांगावं लागतं. पुन्हा सुरू होताना एक निळा पडदा येतो आणि कुठलीही कळ दाबा असं सांगत दहापासून उलटी मोजणी होते. दहा सेकंदांत कळ दाबली नाही तर यंत्र गुपचूप पुढे निघून जातं आणि तो पडदा पुन्हा येत नाही. मी खोलीत नव्हतो ते नेमके तेच दहा सेकंद.

उपाय: मोकयुटिल या टर्मिनलमधल्या साधनाने ती सहीची किल्ली (‘मोक’) पुन्हा नोंदणीसाठी दिली. फाइल शिम-साइन्डच्या फोल्डरात ‘मोक’ नावाखाली असते. यंत्र सुरू करून समोर बसलो. निळा पडदा आला, कळ दाबली, ‘एनरोल मोक’ निवडलं, पासवर्ड टाकला, पुन्हा सुरू केलं. वायफायची यादी भरली. या पासवर्डात फक्त आकडे ठेवा, किमान आठ. त्या पडद्यावर कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा असतो, चिन्हं टाकलीत तर भलतीच उमटतात.

सिक्युअर बूट बंद करूनही हे सुटलं असतं आणि पुष्कळ जण तेच सुचवतात. मी चालू ठेवलं, कारण एकदा किल्ली नोंदवली की पुढच्या प्रत्येक कर्नलसाठी ड्रायव्हरवर आपोआप सही होते. त्रास एकदाच.

२५ नोव्हेंबर, रात्री

व्हिडिओ पाहताना पंखा ओरडायला लागतो, अशी वडिलांची तक्रार आली. १०८० ओळींच्या व्हिडिओला प्रोसेसर ९० टक्क्यांच्या वर. या पिढीच्या इंटेल ग्राफिक्समध्ये एच.२६४ प्रकारचा व्हिडिओ उलगडण्याची सोय आहे, व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या प्रकारांसाठी नाही. यूट्यूब मात्र आपणहून हे नवे प्रकार पाठवतं, मग सगळा भार प्रोसेसरवर. जुना आय९६५ व्हीए ड्रायव्हर बसवला (नवा इंटेल मीडिया ड्रायव्हर पाचव्या पिढीपासून पुढे चालतो) आणि फायरफॉक्समध्ये एच.२६४ च मागवणारं एक्स्टेन्शन टाकलं. भार ३० टक्क्यांच्या आसपास आला, पंखा शांत.

२९ नोव्हेंबर, शनिवार

मराठी. माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा दिवस, कारण वडील या यंत्रावर दुसरं फारसं काही करत नाहीत.

कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारताखाली मराठी इनस्क्रिप्टची (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कीबोर्ड) मांडणी सापडली, ती लावली. वडिलांनी ‘शिक्षक’ लिहायला घेतलं आणि क्ष उमटेना. विंडोजवर ते शिफ्ट आणि ७ दाबत, क्ष एका झटक्यात येई. तसंच ज्ञ ला शिफ्ट-५, त्र ला शिफ्ट-६, श्र ला शिफ्ट-८. इथे त्या कळा कामच करेनात. क, हलन्त, ष असं तीन कळांनी क्ष येत होतं, पण इतक्या वर्षांची बोटांची सवय अशी मोडायला सांगणं मला पटेना.

कारण शोधायला तास गेला. एक्सकेबी नावाची जी मूळ कीबोर्ड यंत्रणा आहे, ती एका कळेला एकच युनिकोड वर्ण देऊ शकते. क्ष दिसायला एक अक्षर, पण साठवणीत तीन वर्ण: क, हलन्त, ष. म्हणून ही जोडाक्षरं तिला एका कळेवर बसवताच येत नाहीत. त्यासाठी वरच्या थरातली इनपुट पद्धत लागते. आयबस आणि त्याचा एम१७एन संच बसवला, त्यातलं मराठी इनस्क्रिप्ट निवडलं, आधीची मांडणी काढून टाकली आणि लॉग आउट करून पुन्हा आत आलो. मग ‘शिक्षक’, ‘ज्ञानेश्वर’, ‘पत्र’, ‘श्रीमंत’ चारही सवयीप्रमाणे आले. ‘दुसऱ्या’ मधला ऱ्या लिहून पाहायला विसरू नका. शिफ्ट-जेवर ऱ, मग हलन्त, मग य, मग काना. तो नीट जुळला तर बहुतेक सगळं नीट आहे.

लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा हिंदी राहिली होती, त्यामुळे ल आणि श हिंदी वळणाचे दिसत होते. भाषा मराठी केली आणि नोटो सान्स देवनागरीत पाकळीदार ल आणि गाठीचा श आला. वडिलांनी हे माझ्या आधी ओळखलं होतं. “ल परका वाटतोय” असं ते सकाळपासून म्हणत होते.

३० नोव्हेंबर, रविवार

आज धक्का बसला. २००९ च्या आधीचं सगळं लेखन उघडल्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसला. त्या फाइली युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहेत. त्या काळी देवनागरीचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असत. फाइलमध्ये खरोखर इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट असला तरच मराठी दिसतं. बॅकअप घेताना मी फाइली घेतल्या, फॉन्ट घेतले नाहीत. ते विंडोजच्या फॉन्ट फोल्डरात होते आणि त्याचा विचारच माझ्या मनात आला नव्हता.

जुनी डिस्क कपाटात होती. पेटीत घालून जोडली, तर ‘फक्त वाचण्यासाठी’ उघडली. डिस्क आणखी बिघडली या भीतीने क्षणभर हात थांबला. पण कारण साधं निघालं: विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असलं की ‘शट डाउन’ केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपलेलं राहतं आणि लिनक्स अशा डिस्कवर लिहायला नकार देतं. आपल्याला फक्त वाचायचं होतं. फॉन्ट फोल्डरातल्या अकरा मराठी फॉन्टच्या फाइली उचलल्या, होम फोल्डरात फॉन्टसाठीच्या जागी टाकल्या, फॉन्टची यादी ताजी केली. फाइल पुन्हा उघडली आणि वडिलांचा २००४ चा लेख जसाच्या तसा समोर आला. मी त्यांना हाक मारून दाखवला. ते बराच वेळ वाचत राहिले.

६ डिसेंबर, शनिवार

फॉन्टवर कायम विसंबून राहायचं नाही, म्हणून लेख युनिकोडमध्ये बदलायला घेतले. परिवर्तक वापरला, पण प्रत्येक लेख डोळ्यांखालून घालावाच लागतो. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलट. जोडाक्षरावर रफार आला की परिवर्तक हमखास घसरतो. ‘वर्ज्य’, ‘तर्क्य’ असे शब्द मुद्दाम शोधून पाहतो आहे. ऱ्या आणि ऱ्ह चा तर प्रत्येक लेखात गोंधळ: ‘तऱ्हा’ कुठे ‘तर्हा’ झालं, कुठे ‘तर् हा’ असं तुटलं. एका लेखाला सरासरी पंचवीस मिनिटं लागतात. मूळ फाइली वेगळ्या फोल्डरात तशाच ठेवल्या आहेत.

टाइमशिफ्ट सुरू केलं, आठवड्याला एक प्रत, शेवटच्या तीन राखायच्या. ते प्रणाली जपतं, वडिलांचं लेखन जपत नाही. त्यासाठी दर रविवारी बाहेरच्या डिस्कवर वेगळी प्रत.

१३ डिसेंबर, शनिवार

वेळेचा हिशेब: एकूण ३४ तास. त्यातले ११ चुकांचे, म्हणजे रॅमचे सात आणि वायफायचे चार. युनिकोडचं काम यात धरलेलं नाही.

बॅटरीची मूळ क्षमता ४१ वॉट-तास, आता पूर्ण भरल्यावर १७. तासभर टिकते. नवी मागवायची की नाही हे वडिलांवर सोडलं आहे, ते बहुतेक वेळ चार्जर लावूनच बसतात.

जुन्या डिस्कवर चिठ्ठी लावली: ‘२०१३ ते २०२५, पुसू नये’. १८६ लेखांपैकी ३१ तपासून झाले. उरलेले आता वडील स्वतःच रोज दोन-दोन तपासताहेत, आणि चुकीचा रफार सापडला की मला हाक मारून दाखवतात.